बेल्जियमच्या कारखान्यांना पाणी पुरतं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेल्जियमचं नाव पाणीटंचाईच्या यादीत पाहून बरेच जण चक्रावतात. तिथे नोकरीला गेलेल्या भाच्यानं पाठवलेल्या फोटोंत आभाळ कायम भरलेलं, रस्ते ओले आणि प्रत्येकाच्या हातात छत्री. मग ही यादी करणाऱ्यांचं काही चुकलं का? चुकलं नाही, पण ती वाचण्यात आपली गफलत होऊ शकते. या विषयावर पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

तिथे तर बाराही महिने पाऊस असतो. टंचाई कुठून आली?

पाऊस बाराही महिने असतो, पण फार नसतो. ब्रसेल्सजवळच्या उक्कल वेधशाळेत वर्षाला सरासरी ८४० मिलिमीटरच्या आसपास पाऊस नोंदला जातो. पुण्यापेक्षा थोडा जास्त आणि मुंबईच्या निम्म्याहूनही कमी. फरक इतकाच की पुण्याचा पाऊस चार महिन्यांत धो धो कोसळून मोकळा होतो, तर तिथला रोज थोडा थोडा पडत राहतो. त्यामुळे तो आहे त्याहून जास्त वाटतो.

आता त्या पावसावर किती तोंडं आहेत ते बघा. देशाचं क्षेत्रफळ जेमतेम ३०,७०० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राचा दहावा हिस्सा. लोकसंख्या सुमारे १ कोटी १८ लाख. उत्तरेकडच्या फ्लँडर्समध्ये तर गाव कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं ते कळत नाही. घरं, रस्ते, गोदामं, पार्किंग यांनी तिथली साधारण १५ टक्के जमीन झाकून टाकली आहे. तिच्यावर पडलेला पाऊस मुरत नाही, गटारातून सरळ नदीत आणि नदीतून समुद्रात जातो. फ्लँडर्स आणि ब्रसेल्स मिळून माणशी वर्षाला ११०० ते १७०० घनमीटर पाणी उपलब्ध असल्याचं सांगितलं जातं. १७०० च्या खाली गेलं की तज्ज्ञ 'ताण' हा शब्द वापरू लागतात.

थोडक्यात, पाणी कमी आहे यापेक्षा त्यावर हक्क सांगणारे फार आहेत.

जलताण म्हणजे नक्की काय मोजतात?

वॉशिंग्टनमधली वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट ही संस्था 'अ‍ॅक्वेडक्ट' नावाचा जगाचा नकाशा तयार करते. वर्तमानपत्रांत येणाऱ्या क्रमवाऱ्या बहुधा तिथूनच आलेल्या असतात. हिशोब सोपा आहे: वर्षभरात नद्या-विहिरींतून जितकं पाणी उपसलं जातं, त्याला दरवर्षी नव्यानं मिळणाऱ्या पाण्यानं भागायचं. उत्तर १० टक्क्यांच्या आत आलं तर ताण कमी. ४० ते ८० टक्के म्हणजे ताण जास्त. ८० च्या वर गेलं तर अतिताण.

यात 'उपसा' हा शब्द जपून वाचावा. वीजकेंद्रानं नदीतून पाणी घेतलं, यंत्रं थंड केली आणि दोन तासांत थोडं कोमट करून तेच पाणी नदीत सोडलं, तरी तो उपसाच. वापरून संपलेलं पाणी आणि उसनं घेऊन परत केलेलं पाणी हा भेद या एका आकड्यात दिसत नाही. बेल्जियमच्या बाबतीत तर हा भेद फारच महत्त्वाचा. त्याकडे पुढे येऊच.

'औद्योगिक जलताण' म्हणजे कारखान्यांमुळे पडलेला ताण ना?

नाही. सर्वांत जास्त गैरसमज इथेच होतो.

याच संस्थेनं २०१५ मध्ये १६७ देशांचे भविष्यकाळाचे अंदाज मांडले होते. साल २०२०, २०३० आणि २०४०, प्रत्येकासाठी तीन शक्यता: सगळं आहे तसंच चालू राहिलं तर, बरं घडलं तर आणि वाईट घडलं तर. प्रत्येक देशाला शून्य ते पाच गुण, आणि ते चार रकान्यांत: एकूण, शेती, घरगुती, उद्योग. रकान्यावर 'उद्योग' लिहिलेलं पाहून वाटतं की उद्योगांनी केलेला उपसा वेगळा काढून मोजला असेल. तसं नाही. ताणाचा आकडा प्रत्येक खोऱ्यासाठी एकच असतो. देशाची सरासरी काढताना मात्र ज्या खोऱ्यात उद्योगांचा उपसा जास्त, त्या खोऱ्याला जास्त वजन दिलं जातं.

म्हणजे हा गुण सांगतो की देशातले कारखाने ताणाच्या जागी बसले आहेत की मुबलक पाण्याच्या जागी. ताण कोणी आणला याचं उत्तर त्यात नाही. आपल्याकडचं उदाहरण घेऊ. महाराष्ट्रातले सगळे मोठे कारखाने कोकणात असते, तर राज्याचा औद्योगिक ताण कमी दिसला असता, मग मराठवाड्यातल्या विहिरी कोरड्या का असेनात.

२०१९ मध्ये बेल्जियम २३ वा होता, २०२३ मध्ये १८ वा आला. चार वर्षांत इतकं बिघडलं?

आकडे खरे आहेत. २०१९ च्या यादीत बेल्जियम 'जास्त ताण' गटात २३ वा होता. २०२३ मध्ये अतिताणाच्या २५ देशांत १८ वा आला. सायप्रस, सान मारिनो आणि ग्रीस हे त्या गटातले बाकीचे युरोपीय देश. गंमत म्हणजे याच चार वर्षांत भारत १३ वरून २४ वर 'सुधारला'. तेवढ्या काळात आपल्या बोअरवेल भरून आल्या असं कोणी म्हणणार नाही.

दोन याद्यांच्या मधल्या काळात गणिताचं मॉडेल बदललं आणि माहितीचा काळही बदलला. म्हणून दोन आवृत्त्यांतले क्रमांक शेजारी ठेवून 'वर गेला, खाली आला' म्हणू नये, असं खुद्द ही संस्थाच सांगते. बातम्यांत मात्र नेमकं तेच होतं. काळानुसार काय बदललं हे कळून घ्यायचं असेल तर क्रमवारी बाजूला ठेवून नद्या आणि धरणांकडे गेलेलं बरं.

मग सुरुवात कुठून करायची?

वेर्विए या गावापासून. देशाच्या पूर्व टोकाला, वेझ्द्र नदीच्या काठी. १७९९ मध्ये विल्यम कॉकरिल नावाचा इंग्रज कारागीर इथे आला आणि त्यानं लोकर कातण्याची यंत्रं बनवून दिली. युरोपच्या मुख्य भूमीवरच्या औद्योगिक क्रांतीची गोष्ट सांगताना वेर्विएचं नाव पहिल्या काही ओळींतच येतं. पुढे त्याच्या मुलानं, जॉननं, लिएजजवळ सेराँ इथे म्यूज नदीकाठी प्रचंड लोखंड कारखाना उभा केला.

लोकरीच्या धंद्याला पाणी लागतं, पण कुठलंही चालत नाही. मेंढीच्या लोकरीत चरबी आणि घाम भरलेला असतो, तो साबणानं धुवावा लागतो. जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, उलट चिकट साका तयार होतो आणि तो लोकरीला धरून बसतो. वेर्विएचं नशीब असं की वरच्या बाजूला हाय फेन्स नावाचं दलदलीचं पठार आहे. तिथून झिरपून येणारं पाणी मऊ, जवळजवळ चुनाविरहित. धंदा या पाण्यावरच वाढला आणि वाढता वाढता नदीला झेपेनासा झाला. उन्हाळ्यात वेझ्द्र आटायची, आणि जे उरायचं ते वरच्या गिरणीनं आधीच घाण केलेलं असायचं.

उपाय म्हणून वरच्या अंगाला जिलेप ओढ्यावर दगडी धरण बांधलं. १८७५ च्या सुमारास बांधून झालं, १८७८ मध्ये राजा दुसरा लिओपोल्ड याच्या हस्ते उद्घाटन झालं. भिंतीच्या माथ्यावर साडेतेरा मीटर उंचीचा दगडी सिंह बसवला आहे, तो आजही आहे. पिण्याचं पाणी आणि शेती यांच्या आधी लोकर धुण्यासाठी बांधलेलं हे धरण. पुढे १९६७ ते ७१ च्या दरम्यान त्याची उंची वाढवून साठा सुमारे २६ दशलक्ष घनमीटर केला, म्हणजे आपल्या भाषेत एक टीएमसीही नाही; खडकवासल्याच्या निम्म्याहून कमी. त्याहूनही लहान मूळ साठ्यावर एका जगप्रसिद्ध धंद्याची मदार होती.

उंची वाढवली तोवर लोकरीचा धंदा उतरणीला लागला होता. धरणाचं पाणी मग नळांकडे वळलं.

बाकीच्या नद्यांचं काय झालं?

पश्चिमेला कोर्ट्रेकच्या आसपास लाय नदीला 'सोनेरी नदी' म्हणत. कारण होतं जवसाचं रोप. आपल्याकडे अंबाडी पाण्यात कुजवून वाख काढतात, तसाच जवसाच्या देठांतून लिननचा धागा काढतात. देठांच्या पेंढ्या लाकडी पिंजऱ्यांत भरायच्या, वर दगड ठेवून नदीत बुडवायच्या आणि कुजू द्यायच्या. लायचं संथ पाणी यासाठी नामी होतं. पण कुजणं म्हणजे पाण्यातला प्राणवायू खाणं. नदी सडायची, मासे मरायचे, खालची गावं ओरडायची. शेवटी १९४३ मध्ये नदीत कुजवण्यावर बंदी आली आणि काम गरम पाण्याच्या टाक्यांत गेलं.

फ्रान्सच्या हद्दीतल्या रूबे आणि तूर्कोआँच्या कापड गिरण्यांचं सांडपाणी एस्पिएर नावाच्या ओढ्यानं बेल्जियमच्या शेल्ट नदीत यायचं. हा ओढा घाणीसाठी बदनाम होता.

ब्रसेल्सचं तर बोलायलाच नको. झेने नदीकाठी दारूभट्ट्या, चामड्याचे कारखाने, कापडाचे छपाईखाने होते. १८६६ मध्ये कॉलऱ्याची साथ आली. त्यानंतर नगराध्यक्ष ज्यूल आन्स्पाख यांनी शहराच्या मध्यातून जाणारी नदी चक्क झाकून टाकली आणि वर रुंद रस्ते काढले. वास गेला, घाण नाही. युरोपच्या या राजधानीतलं बरंचसं मैलापाणी शुद्ध न करता झेनेत सोडलं जात होतं, ते थेट २००७ पर्यंत. त्या वर्षी उत्तरेचं मोठं शुद्धीकरण केंद्र सुरू झालं. मुळा-मुठेवरून पुणेकरांना नावं ठेवणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवायला हरकत नाही.

हे सगळं इथे सांगायचं कारण असं की, घाण झालेली नदी कारखान्याच्या दृष्टीनं आटलेलीच असते. बेल्जियममधल्या पाणीताणाचा पहिला शतकभराचा इतिहास पाणी आटल्याचा कमी आणि नासल्याचा जास्त आहे.

नद्या नासल्यावर कारखान्यांनी काय केलं?

जमिनीत गेले. विसाव्या शतकात कोर्ट्रेक, टूर्ने आणि फ्रान्सकडच्या रूबे या पट्ट्यात कापड, रंगकाम आणि खाद्यप्रक्रिया उद्योगांनी खोल बोअर मारले. खाली चुनखडीचा जुना, भेगाळलेला थर आहे. पाणी स्वच्छ, तापमान वर्षभर एकसारखं, परवानगी सोपी. दोन्ही देश एकाच थरातून ओढत होते आणि समोरच्यानं किती ओढलं याचा हिशोब कोणीच ठेवत नव्हतं. पातळी काही ठिकाणी पन्नास मीटरहून जास्त खाली गेली. टूर्नेच्या आसपास जमीन अचानक खचून खड्डे पडू लागले, कारण आधार देणारं पाणीच निघून गेलं होतं.

१९९० च्या दशकात फ्लँडर्स आणि दक्षिणेकडचा वालोनिया यांनी मिळून उपशाला कात्री लावली आणि दुसरीकडून मोठ्या वाहिनीनं पाणी आणलं. फ्रान्सच्या बाजूच्या गिरण्या याच काळात बंद पडत चालल्या होत्या, त्याचाही हातभार लागला. नंतर पातळी पुन्हा चढू लागली. भूजल एकदा गेलं की परत येत नाही असं सरसकट म्हणतात. इथे ते परत येताना दिसलं. पण त्यासाठी एक अख्खा धंदा बुडावा लागला हे विसरू नये.

वालोनियात दगडखाणी कोरड्या ठेवण्यासाठी उपसलेलं पाणीही आता फेकून न देता पिण्यासाठी वापरतात. मला हा उपाय फार आवडतो, कारण यात नवीन थेंबही उपसावा लागत नाही.

आज सगळ्यात जास्त भार कशावर आहे?

एका कालव्यावर. अल्बर्ट कालवा १९३० ते १९३९ मध्ये खोदला. लिएजपासून अँटवर्पपर्यंत १३० किलोमीटर. मूळ हेतू कोळसा, लोखंड आणि माल बंदरापर्यंत न्यायचा. आज हाच कालवा जहाजांचा रस्ता आहे, कारखान्यांचा पाणीपुरवठा आहे, आणि फ्लँडर्समधल्या साधारण ४० टक्के लोकांचं पिण्याचं पाणीही इथूनच येतं. काठावर रसायनांचे कारखाने आहेत आणि शेवटी अँटवर्प बंदरातला युरोपातला सर्वांत मोठा रसायन-समूह.

कालव्यातलं पाणी म्यूज नदीचं. ही नदी फ्रान्समध्ये उगम पावते, बेल्जियम ओलांडते आणि नेदरलँड्समध्ये जाते. ऱ्हाइनसारखा तिला आल्प्सच्या बर्फाचा आधार नाही, सगळी मदार पावसावर. एरवी सीमेवर तिचा प्रवाह सेकंदाला अडीचशे घनमीटरच्या आसपास असतो, म्हणजे ८-९ हजार क्युसेक. कोरड्या उन्हाळ्यात तो ३० घनमीटरच्या, म्हणजे हजारेक क्युसेकच्या खाली उतरतो. खडकवासल्यातून पावसाळ्यात किती सोडलं याच्या बातम्या वाचणाऱ्यांना हा आकडा किती किरकोळ आहे ते वेगळं सांगायला नको.

या हजार क्युसेकवर दोन देश, एक कालवा, अनेक बंदरं आणि लाखो नळ. म्हणून १९९५ मध्ये फ्लँडर्स आणि नेदरलँड्स यांच्यात करार झाला. नदी उतरली की दोघांनी आपापला वापर सारखाच ठेवायचा आणि सीमेवरच्या नदीच्या पात्रातही काही पाणी राहू द्यायचं. कृष्णा लवादाच्या बातम्यांवर वाढलेल्या आपल्याला हा करार आश्चर्यकारक वाटतो, तो त्याच्या छोटेपणामुळे.

जहाजंही पाणी खातात का?

खातात. कालव्यावर जहाजांना चढ-उतार करून देणाऱ्या सहा पायऱ्या आहेत: गेंक, डीपनबेक, हॅसेल्ट, हाम, ओलेन, वेनेखम. प्रत्येक वेळी दरवाजे उघडले की वरच्या भागातलं हौदभर पाणी खाली जातं. टंचाईत मग जहाजांना ताटकळत ठेवतात आणि चार-पाच जमली की एकदम सोडतात. वडापची जीप भरल्याशिवाय हलत नाही, तसंच. काही पायऱ्यांवर आर्किमिडीजच्या पद्धतीचे प्रचंड मळसूत्री पंप बसवले आहेत. पाणी कमी असलं की ते खाली गेलेलं पाणी पुन्हा वर चढवतात आणि पाणी भरपूर असलं की उलटे फिरून वीज बनवतात.

अणुवीज केंद्रं तर सगळ्यात जास्त पाणी पीत असतील?

उपशाच्या रकान्यात, हो. देशातल्या एकूण उपशात थंड करण्यासाठी घेतलेल्या पाण्याचा वाटा सर्वांत मोठा राहिला आहे. म्यूजकाठी तिहांज आणि शेल्टच्या मुखाजवळ दूल अशी दोन अणुवीज केंद्रं. पण यातलं बहुतेक पाणी परत जातं. खरं संपतं ते पाणी गार करणाऱ्या उंच मनोऱ्यांतून वाफ होऊन उडणारं. हजार मेगावॉटच्या अणुभट्टीमागे सेकंदाला साधारण पाऊण घनमीटर. नदी भरलेली असताना हे काहीच नाही. म्यूज ३० घनमीटरपर्यंत उतरली की तिहांजच्या तीन मनोऱ्यांची वाफ डोळ्यांत भरायची.

दूलचं प्रकरण आणखी निराळं आहे. तिथे घेतात ते भरती-ओहोटीचं मचूळ पाणी. ते ना पिता येतं ना शेताला देता येतं, म्हणजे त्यासाठी कोणाशी भांडण नाही.

आता या अणुभट्ट्या एकेक करून बंद झाल्या आहेत. सप्टेंबर २०२२ मध्ये दूल-३, जानेवारी २०२३ च्या अखेरीस तिहांज-२, आणि २०२५ मध्ये दूल-१, तिहांज-१ आणि दूल-२. उरलेल्या दूल-४ आणि तिहांज-३ या दोघींना २०३५ पर्यंत मुदतवाढ मिळाली. त्यामुळे पुढच्या वर्षांत देशाचा 'उपसा' घटलेला दिसेल आणि कोणी तरी ती जलव्यवस्थापनाची कमाल म्हणून सांगेल. पण तेवढ्यानं एखाद्या बटाट्याच्या कारखान्याला पाणी मिळणं सोपं होणार नाही.

बटाट्याचा कारखाना मध्येच कुठून आला?

तळलेल्या बटाट्याच्या काड्या गोठवून परदेशी पाठवण्यात हा देश जगात आघाडीवर आहे. शिवाय पश्चिम फ्लँडर्समध्ये रूसेलाराच्या आसपास गोठवलेल्या भाज्यांचे मोठे कारखाने आहेत. धुणं, सोलणं, वाफवणं, पुन्हा धुणं, सगळं पिण्याच्या दर्जाच्या पाण्यात. आणि पश्चिम फ्लँडर्स हाच देशातला पाण्याच्या बाबतीत सर्वांत अडचणीचा भाग. खालचं भूजल समुद्राच्या बाजूला खारट होत जातं, मोठी नदी नाही, जमीन चिकणमातीची. भाजी पिकते त्याच महिन्यांत कारखान्याला पाणी लागतं आणि नेमकं त्याच महिन्यांत शेतकऱ्यालाही.

आर्दूई गावात यावर एक चांगली तोड काढली आहे. आर्दो या भाजी कंपनीचं शुद्ध केलेलं सांडपाणी मोठ्या तलावात साठवतात आणि जमिनीखालच्या वाहिन्यांनी आसपासच्या सुमारे ५०० हेक्टर शेतीला देतात. शेतकरी त्यावर पिकवलेली भाजी पुन्हा त्याच कारखान्याला देतात. साखर कारखाना आणि त्याच्या पंचक्रोशीतला ऊस आठवला ना?

समुद्र शेजारी आहे. खारं पाणी वापरायला काय होतं?

वापरतात. अँटवर्पच्या गोद्यांमधलं मचूळ पाणी कारखाने थंड करायला घेतातच. अडतं ते दोन जागी. एक, बॉयलर. वाफेच्या बॉयलरला मीठ आणि चुना जवळजवळ शून्य असलेलं पाणी लागतं, नाहीतर नळ्यांना आतून पापुद्रा धरतो आणि त्या फुटतात. दोन, मनोरे. मनोऱ्यात पाणी फिरतं, वाफ उडते, मीठ मागे राहतं. गोड्या पाण्यानं सुरुवात केली तर तेच पाणी अनेकदा फिरवता येतं. मचूळ पाण्यानं केली तर एक-दोन फेऱ्यांतच ते इतकं खारट होतं की काढून टाकावं लागतं, शिवाय लोखंडाला गंज. म्हणून गोड्या पाण्याची भूक पूर्ण संपत नाही.

गेंटमध्ये तर मीठ उलट्या दिशेनं येतं. गेंट-टेर्नेउझेन कालव्याच्या नेदरलँड्सकडच्या तोंडातून जहाजांबरोबर समुद्राचं पाणी आत घुसतं. ते मागे रेटायला गेंटकडून गोडं पाणी सतत सोडावं लागतं. १९६० च्या करारात त्याचा आकडाच ठरला आहे: दोन महिन्यांच्या सरासरीनं सेकंदाला १३ घनमीटर. कोरड्या वर्षी बेल्जियमला तो पाळता येत नाही. २०२४ मध्ये टेर्नेउझेनला नवं, आणखी मोठं जहाजद्वार सुरू झालं. दार मोठं केलं की मीठही जास्त येणार, हे उघड आहे.

मग दुष्काळात कारखाने खरंच बंद पडले का?

२०१७ ते २०२० अशी सलग चार वर्षं कोरडी गेली, नंतर २०२२ चा उन्हाळा. २०२० चा ऑगस्ट आठवणीत राहिला तो ब्रसेल्सजवळच्या ओव्हरेसमुळे: उष्णतेच्या लाटेत काही घरांचे नळ कोरडे पडले, पाणी बाहेरून आणून द्यावं लागलं. खरं कारण मागणी एकदम वाढली आणि वाहिनीला तो जोर पेलला नाही, हे होतं. पण श्रीमंत वस्तीत नळ कोरडा, ही गोष्ट राजकारण्यांना झोपेतून उठवायला पुरेशी होती. त्याच्या थोडं आधीच, जुलै २०२० मध्ये, फ्लँडर्सच्या पर्यावरणमंत्री झुहाल देमिर यांनी 'ब्लू डील' नावाचा सत्तरेक उपायांचा कार्यक्रम जाहीर केला होता.

मोठे कारखाने सरसकट बंद पडले नाहीत. आधी शेतकऱ्यांना लहान ओढ्यांतून पाणी उपसायची बंदी होते, मग गाड्या धुण्यावर आणि पोहण्याचे हौद भरण्यावर निर्बंध, मग जहाजांना कमी माल भरायला सांगतात. कारखाना रांगेत बराच मागे असतो. तिथल्या शेतकऱ्यांना हे खुपतं, आणि ते खुपणं मला रास्त वाटतं.

२०२१ मध्ये तर महापूर आला होता. पूर आणि टंचाई एकाच देशात?

आणि एकाच खोऱ्यात. जुलै २०२१ च्या पुरात वालोनियात ३९ माणसं गेली. सर्वांत जास्त हानी वेझ्द्र खोऱ्यात झाली, त्याच वेर्विए परिसरात. लोकरीच्या गिरण्यांनी पाण्यासाठी नदीच्या अगदी काठाला धरून वस्ती केली होती; गिरण्या गेल्या, वस्ती राहिली. वरच्या धरणांतून पाणी आधी सोडायला हवं होतं का यावर मोठा वाद झाला. टंचाईसाठी धरण भरलेलं हवं आणि पुरासाठी रिकामं. सांगली-कोल्हापूरच्या लोकांना हा वाद तोंडपाठ आहे.

पाण्याच्या दर्जाचा प्रश्न आता सुटला का?

जुना सुटला, नवा उभा राहिला. २०२१ मध्ये अँटवर्पजवळच्या झ्वेनड्रेख्त इथल्या थ्रीएम कारखान्याच्या परिसरात 'पीफास' रसायनांचं प्रदूषण मोठ्या प्रमाणावर उघड झालं. ही रसायनं निसर्गात जवळजवळ विघटित होत नाहीत. जुलै २०२२ मध्ये कंपनीनं फ्लँडर्स सरकारशी ५७.१ कोटी युरोचा समझोता केला. पाणी दिसायला नितळ, वास नाही, आणि तरी वापरता येत नाही. सांडपाणी पुन्हा वापरण्याच्या योजनांपुढची ही मोठी अडचण आहे: पाणी जितकं फिरवाल, तितकं हे मागे साचत जातं.

सांडपाणी पुन्हा वापरतात म्हणजे पिण्यासाठीही?

समुद्रकाठच्या कोक्साइडे भागात २००२ पासून. टोरेले केंद्रात शुद्ध केलेलं मैलापाणी आणखी बारीक पडद्यांतून आणि आरओमधून काढतात, वाळूच्या टेकड्यांत मुरवतात आणि काही आठवड्यांनी विहिरींतून पुन्हा उपसतात. वर्षाला साधारण २५० कोटी लिटर. थेट नळात न सोडता वाळूत का मुरवतात? थोडं शास्त्र, थोडं मन. शिवाय वाळूत गोडं पाणी भरून राहिलं की समुद्राचं खारं पाणी आत सरकत नाही.

पाण्याचा निर्णय देशात कोण घेतं?

केंद्र सरकार जवळजवळ नाहीच. फ्लँडर्स, वालोनिया, ब्रसेल्स या तीन प्रदेशांची सरकारं आपापलं बघतात. गंमत अशी की धरणं, डोंगर आणि झरे बहुतेक दक्षिणेत, फ्रेंच बोलणाऱ्या वालोनियात. तहानलेले कारखाने उत्तरेत, डच बोलणाऱ्या फ्लँडर्समध्ये. देशाचा एकच सरासरी गुण काढला की ही दरी दिसेनाशी होते.

डेटा सेंटरमुळे ताण वाढेल का?

वाढू शकतो, पण पाणी कुठून घेता यावर ते अवलंबून. मोन्सजवळ सँ-गिस्लँ इथलं गुगलचं केंद्र शेजारच्या औद्योगिक कालव्याचं पाणी घेऊन जागेवरच स्वच्छ करून वापरतं. पिण्याच्या पाण्याला हात लावत नाही.

मी नोकरीसाठी तिकडे चाललो आहे. नळाचं पाणी प्यावं का? पाणी जपून वापरावं लागेल का?

नळाचं पाणी बिनधास्त प्या. बऱ्याच ठिकाणी ते जड आहे, त्यामुळे चहाच्या किटलीत पांढरा थर बसेल. महिन्यातून एकदा व्हिनेगर टाकून उकळा. डाळ शिजायला वेळ लागला तर कुकरची एक शिट्टी वाढवा. फ्लँडर्समध्ये नवं घर बांधताना पावसाच्या पाण्याची टाकी सक्तीची आहे, त्यामुळे भाड्याचं घर नवं असेल तर संडास आणि कपड्यांच्या मशीनला बहुधा तेच पाणी जोडलेलं असतं. घरमालकाला पहिल्याच दिवशी विचारून घ्या की कुठला नळ टाकीचा आणि कुठला पिण्याचा. बागेतला नळ बहुतेक टाकीचा असतो, तिथे बाटली भरू नका.